हे आता तुझं

सकाळी चढण चढायची, कपेलचं, त्या एवढ्याशा चर्चचं, कुलूप काढायचं, दिव्याच्या काचेवरची काजळी पुसायची, वात सारखी करायची, तेल घालायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं. दिवेवालीचं काम एवढंच. एवढंच म्हणजे एवढंच. उंबऱ्यावरचा पाचोळा पायाखाली चुरचुरला तरी तिने तो कधी लोटला नाही. लोटणं हे झाडूवालीचं काम, आणि झाडूवाली मुलाकडे राहायला गेली तेव्हा झाडू कोणाच्या हातात न देताच गेली. छपराची कौलं एका कोपऱ्यात सरकली होती. तिथून पाणी थेट माऊलीच्या लाकडी मूर्तीच्या खांद्यावर गळायचं. दिवेवालीला ते दिसायचं आणि ती मान फिरवायची. कौलं कौलवाल्याची, आणि कौलवाला मातीत जाऊन जमाना झाला होता.

बाहेरच्या माणसाने हे पाहिलं असतं तर म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच म्हटलं असतं. परिणाम झालेलाच होता. फक्त तो तिच्या एकटीच्या डोक्यावर नव्हता, सगळ्या वस्तीच्या डोक्यावर होता, आणि आजी-पणजीपासून होता.

वस्ती दगडखाणीची. एके दुपारी खाणीचा कडा ढासळला आणि सावलीत जेवायला बसलेली माणसं हातातल्या घासासकट गाडली गेली. मालकाने वर उभं राहून खाली बघितलं, हळहळला, आणि दुसऱ्या बाजूने काम सुरू करा म्हणाला. दगड उपसून प्रेतं काढायची तर खर्च फार, आणि मेलेली माणसं काही पळून जाणार नव्हती. बायका बिशपच्या दारात गेल्या. निदान तिथे एक क्रूस तरी उभारून द्या म्हणाल्या. बिशपच्या माणसाने सांगितलं, जागा मालकाची आहे, आधी त्याची परवानगी आणा. मालक म्हणाला, आधी बिशपची आणा. देवाची कचेरी आणि पैशाची कचेरी गरिबाला एकमेकांच्या दारात पाठवतात, तेवढ्यापुरता त्यांचा भारी एकोपा असतो.

मग बायकांनी विचारणंच सोडून दिलं. खाणीच्या कडेला टाकाऊ दगडांचे ढीग पडलेले होते. कामावरून परतताना प्रत्येकीने ओटीत एक दगड घ्यायचा आणि वर नेऊन ठेवायचा. भिंती अशा उभ्या राहिल्या. वाकड्या, पोट सुटलेल्या, पण उभ्या. मूर्ती केली शवपेट्या बनवणाऱ्या सुताराने. मेलेल्यांसाठी वस्तीने पेट्यांच्या फळ्या आणून ठेवल्या होत्या. प्रेतंच निघाली नाहीत, फळ्या पडून राहिल्या. सुताराने त्या एकावर एक चिकटवल्या आणि त्यातून देवाची आई, माऊली कोरली. समोर बसवायला गप्प बसणारी बाई हवी होती, आणि अख्ख्या वस्तीत तशी एकच निघाली, सुताराची बहिरी सासू. म्हणून खाणीच्या माऊलीचं नाक मोठं आहे आणि तोंडावर ‘काय म्हणालात?’ असा भाव आहे. इतर ठिकाणच्या माऊल्या आभाळाकडे बघतात, नाहीतर बाळाकडे. ही समोरच्याच्या तोंडाकडे बघते. नवस बोलायला येणाऱ्यांना तेच आवडायचं. कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. बहिरीचा चेहरा होता, पण ते कोण सांगणार.

कपेल उभं राहिलं आणि पाठोपाठ भांडणं उभी राहिली. हिने लावलेला दिवा तिला मंद वाटे, तिने झाडलेला कोपरा हिला घाण दिसे. शेवटी पहिली दिवेवाली, जिचा नवरा आणि थोरला मुलगा दोघेही कड्याखाली होते, ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “ज्याचं काम त्याचं,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही, तोंड घालायचं नाही आणि डोळाही घालायचा नाही.” काम सोडायची वेळ आली की ज्याला द्यायचं त्याला वर न्यायचं, त्याचा हात आपल्या हाताखाली घ्यायचा, एकदा दोघांनी मिळून ते काम करायचं, आणि मग हात काढून म्हणायचं, “हे आता तुझं. मी बघणारसुद्धा नाही.”

या एका वाक्यावर ते कपेल इतकी वर्षं चाललं. ना कमिटी, ना अध्यक्ष, ना पगार. फादर कधीमधी शहरातून यायचे, मिस्साची उपासना करून जायचे, आणि जाताना म्हणायचे, किती श्रद्धाळू लोक! श्रद्धा होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी होती की तिथे कोणी कोणाला नावं ठेवत नव्हतं. माणसाला फुकट राबवायचं असेल तर त्याला नावं ठेवू नयेत, हे त्या पहिल्या बाईला कळलं होतं. थोरामोठ्यांना कळत नाही.

मग खाण संपली. पोटासाठी माणसं पांगली. काही पांगली, काही मेली, आणि मरण काही आधी निरोप पाठवून येत नाही. कौलवाला तापाने गेला. माऊलीला अंगरखे शिवणारी आणि ते बदलणारी शिंपीण दूरच्या दवाखान्यात गेली, सुई कोणाला न देताच. तिने चढवलेला शेवटचा निळा अंगरखा तसाच राहिला. तो विटला, करडा झाला, खांद्यावर शेवाळलाही. दिवेवाली रोज त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून वात सारखी करत होती. त्याला हात लावायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं की ती पटकन क्रुसाची खूण करायची, जणू चोरीचा विचार आला होता.

आणि घंटा. घंटा तिच्या नवऱ्याची होती. दुपारी तीन ठोके, श्वासभर थांबायचं, पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं, पुन्हा तीन. त्याच्या तळव्यांना दोराचे घट्टे होते. लग्नानंतर तिने त्याचा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस आहे की पोतं. एके सकाळी आंघोळीला म्हणून गेला आणि मोरीतच पडला. घंटा कोणाला दिलेली नव्हती.

दफन करून माणसं परतली तेव्हा तिच्या धाकट्या दिराने तिला बाजूला घेतलं होतं. दीर कपेलचा चुनेवाला. वर्षाकाठी एकदा भिंतींना चुना द्यायचा. धंद्यानेही रंगारीच. “वहिनी, दादाची घंटा मी घेतो,” तो म्हणाला होता. “त्याने मला सांगितलं होतं.” ती म्हणाली होती, “हातात दिली का?” तो म्हणाला, “देणार होता.” ती म्हणाली, “देणार होते आणि दिली यात फरक आहे, भाऊजी.”

झालं. त्या दिवसापासून घंटा गप्प आणि दीरही गप्प. त्याने चुन्याचा कुंचला घरात टांगला तो टांगला. दोघांची दारं एकाच गल्लीत, समोरासमोर. त्याची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. तो दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचा, पण खुर्चीची पाठ गल्लीकडे. स्वतःच्याच घराकडे तोंड करून बसणारा माणूस तेवढा एकच असेल. तिने दार उघडलं की समोर ती खुर्चीची पाठ आणि वर टकलाचा चंद्र.

आता तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. चढणीवर दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा उठवायला कोणी नव्हतं, दगडाला धरून धरून उठली आणि आधी दिवा लावून मग गुडघ्याचं रक्त पुसलं. ही गोष्ट तिने फोनवर मुलीला मोठ्या अभिमानाने सांगितली, तिथेच फसली.

“आई, पुरे झालं. शनिवारी गाडी घेऊन येतेय. कपडे बांधून ठेव.”

“आणि दिवा?”

“आई, तो दिवा आहे. माणूस नाही.”

“म्हणूनच विचारतेय. माणूस स्वतःचं बघेल.”

“त्या दिव्यापायी तू तिथे एकटी मरशील, आणि मला कोण कळवेल? दिवा?”

दिवा कोणाच्या तरी हातात दिल्याशिवाय जायचं नाही एवढंच तिच्या डोक्यात होतं. नवऱ्यासारखं मोरीत पडून, शिंपिणीसारखं परक्या खाटेवर, असं न देता जायचं नाही. पण द्यायचा कोणाला? वस्तीत उरली होती चार टाळकी. दुकानदाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, “मावशी, मला गिऱ्हाईकाला सुटे द्यायला वेळ नाही, देवाला तेल कधी देऊ?” गल्लीच्या टोकाला राहायला आलेल्या नव्या जोडप्याने दार अर्धंच उघडलं आणि आम्हाला काही विकत घ्यायचं नाही म्हणून लावून घेतलं.

बुधवारी फादर आले. तरुण होते, मोटरसायकलवर यायचे, हेल्मेट काखेत धरून बोलायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर बोलता आलं असतं.

“मावशी, तुम्ही चाललात असं कळलं.”

“कळणारच. वाईट बातमीला चढण लागत नाही.”

फादर कसंनुसं हसले. हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं. “वरून, बिशपकडून पत्र आलंय. जिथे राखायला माणूस नाही ती कपेलं बंद करायची. माऊलीला शुक्रवारी शहरातल्या चर्चमध्ये नेऊ. बाजूची वेदी रिकामी आहे. तिथे रोज लोक येतात.”

“दिवा लागेल तिथे?”

“बल्ब आहे, मावशी. लाल. चोवीस तास चालू.”

“विजेचा.”

“हो.”

“म्हणजे कोणी लावायला नको, कोणी विझू नये म्हणून बघायला नको.” ती म्हणाली. “फादर, ज्या दिव्याला माणूस लागत नाही, तो कोणासाठी जळतो?”

फादरनी खाली बघितलं. मग म्हणाले, “एक माणूस द्या. एकच. वस्तीत राहणारा, दिवा घेतो म्हणणारा. मी वर लिहून कळवतो की राखण आहे, हलवायची गरज नाही. पण शुक्रवारपर्यंत.”

एक माणूस. वस्तीत एकच माणूस उरला होता ज्याला वाकड्या भिंतींचा दगडन् दगड माहीत होता, आणि त्याची पाठ तिच्या दाराकडे होती.

संध्याकाळी ती गल्ली ओलांडून गेली. गल्ली केवढीशी, पण ओलांडताना तिला धाप लागली.

“भाऊजी.”

खुर्ची हलली नाही.

“शनिवारी मी चाललेय.”

“ऐकलं. वस्तीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे.”

“माऊलीला खाली नेणार आहेत.”

“नेऊ देत. तिला तरी सोबत मिळेल.”

“भाऊजी, दिवा घ्याल?”

आता मात्र खुर्ची वळली. इतक्या वर्षांत तिने त्याचं तोंड इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. गाल आत गेले होते. नवऱ्याचंच नाक, नवऱ्याच्याच भुवया, फक्त राग त्याचा स्वतःचा.

“मी? ज्याला सख्ख्या भावाची घंटा दिली नाहीस, त्याला दिवा देतेस होय? वाः, वहिनी. गरज पडली की दीर आठवला.”

“घंटा माझी नव्हती. माझी नव्हती ती मी देऊ कशी?”

“तो म्हणाला होता, पुढच्या रविवारी वर ये, दोर हातात देतो.”

“आणि त्याआधीच गेले. मग दिला कुठे?”

“बघ! अजून तेच!” त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “माणूस मेला, वहिनी, पण तुझा नियम काही मरत नाही.”

“माझा नियम? तुम्ही त्याच नियमावर कुंचला घेतलात ना? मग तो का टांगलात? चुना तर तुमचाच होता.”

“तुझ्या दिव्याच्या उजेडात माझी भिंत दिसू नये म्हणून.”

ती म्हणाली, “दिसत नाहीच आता. काळी पडलीय.” आणि परत गल्ली ओलांडून आली. मागे खुर्ची पुन्हा वळल्याचा आवाज झाला. त्या संध्याकाळी तिने चुलीवर भांडं चढवलं, ते कशासाठी चढवलं ते विसरली, आणि पाणी आटेपर्यंत बघत बसली.

शुक्रवारी सकाळी फादर खाणीच्या जुन्या रस्त्याने टेम्पो घेऊन वर आले. सोबत शहरातल्या चर्चचा सुतार, आणि टेम्पोत गाद्या पसरलेल्या. दिवेवालीने दिवा लावून ठेवला होता. तेल जरा जास्तच घातलं होतं, आणि ते का, हे तिचं तिला कळत होतं.

“मावशी, तुम्ही बाहेर बसता का?” फादर म्हणाले.

“नाही.”

सुताराने पायथ्याच्या खिळ्यांची डोकी शोधली, ती गंजून गेली होती. मग त्याने एका हाताने माऊलीची कंबर धरली, दुसऱ्याने खांदा, आणि उचललं.

अंगरखा वर आला. नुसता अंगरखाच. सुताराचा तोल गेला, कारण जड उचलायची तयारी करून त्याने हलकं उचललं होतं. आतून मातीची धार लागली. वाळवीची माती, बारीक, कोरडी, पिठासारखी, सुताराच्या बुटांवर, फरशीवर, दिवेवालीच्या पायांवर. माऊलीचं डोकं अंगरख्याच्या गळ्यात अडकून लोंबकळत राहिलं. तेवढं शाबूत होतं, कारण त्यावर जाड रंग होता. हात शाबूत होते. बाकी काही नव्हतं. कमरेखाली नाही, छातीत नाही, कुठेच काही नाही.

सुतार म्हणाला, “अहो, हे तर कधीच संपलंय! वरून पाणी, आतून वाळवी. नुसतं कापड उभं होतं.” मग त्याने दिवेवालीचं तोंड बघितलं.

फादरनी खूण केली आणि सुताराने अंगरखा हळूच पुन्हा चौथऱ्यावर ठेवला. तो कोसळत होता, म्हणून भिंतीला टेकवला. एका बाजूला कलंडलेली माऊली मोठ्या नाकाने समोर बघत राहिली. काय म्हणालात?

“मावशी,” फादर म्हणाले, आणि पुढे त्यांना काही सुचेना. पाच वर्षं देवाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला काही सुचत नाही अशी वेळ चांगली असते. निदान तो खोटं बोलत नाही. “ही अशी नेता येणार नाही. मी... मी वर विचारतो.”

टेम्पो रिकाम्या गाद्या घेऊन उतरला. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग थांबला.

दिवेवाली तिथेच उभी होती. पायांवर माती. रोज. रोज हातभर अंतरावर. काजळी पुसली, वात सारली, तेल घातलं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते समोर आतल्या आत खाल्लं जात होतं. रात्रीच्या शांततेत वाळवीचा आवाज येतो म्हणतात. दुपारीही आला असेल. ती ऐकत नव्हती, कारण ते ऐकणं तिचं काम नव्हतं. शिंपिणीला ती मान देत होती! कौलवाल्याला मान देत होती! मेलेल्यांना मान देता देता तिने सगळं कपेल मारलं, आणि त्या पहिल्या बाईच्या शहाणपणाला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कमरेला लावून फिरली. तिला रडू आलं नाही. राग आला. इतका राग आला की गुडघा विसरून ती घंटेच्या कोपऱ्यात गेली आणि दोराला हात घातला.

दोर वाळून काठीसारखा झाला होता. तिने सगळं वजन टाकून ओढला. वर काहीतरी करकरलं, कबुतरं फडफडली, आणि घंटा वाजली. तीन नाही, थांबा नाही, काही नाही. नुसती वाजली. शिवी दिल्यासारखी वाजली. तळहात सोलले तरी ती ओढत राहिली.

बऱ्याच वेळाने दारात काठी टेकल्याचा आवाज आला. दीर. धापा टाकत होता, लाल झाला होता. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात तीही नाही.

“कोणी दिली तुला घंटा?” तो ओरडला. “कोणी दिली?”

“कोणी नाही.” तिने दोर सोडला नव्हता. “घेतली.”

“घेतली! मला म्हणालीस, दिल्याशिवाय...” आणि मग त्याचं लक्ष चौथऱ्याकडे गेलं. तो पुढे गेला. अंगरख्याची कड काठीने जरा उचलली, आत बघितलं, आणि कड सोडून दिली.

घंटेचा घुमारा हळूहळू विरला. दोघांनाही बसायला जागा हवी होती. एकाच बाकावर बसले, मधे माणूसभर जागा सोडून. ज्याची जागा होती तो नव्हता.

“कधी झालं हे?” त्याने विचारलं.

“मी रोज इथे होते, भाऊजी.”

“आणि?”

“आणि काय? अंगरखा शिंपीणबाईंचा होता.”

तो हसला असता तर तिने त्याला मारलं असतं. तो हसला नाही. बराच वेळ त्या काळ्या पडलेल्या भिंतीकडे बघत राहिला. दरवर्षी चुना दिला असता तर वाळवी वर चढली नसती, हे त्याला रंगारी म्हणून कळत होतं. ते तो बोलला नाही आणि तिनेही बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी न बोलण्यातसुद्धा नातं असतं.

“शेवटी गेल्या मातीत त्या पेट्यांच्या फळ्या,” तो म्हणाला. “ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे.”

मग त्याने तिच्या हातांकडे बघितलं. “दादाचे असेच सोलायचे, सुरुवातीला.”

शनिवारी मुलगी आली. खाली गल्लीत गाडी उभी करून हॉर्न वाजवत होती. सामान होतं एक पेटी आणि एक बोचकं. वर कपेलमध्ये दिवेवाली आणि दीर दिव्यापुढे उभे होते.

“दिवा घेतो,” तो म्हणाला. “पण घंटेशिवाय नाही.”

“घंटा काल मी घेतली. चोरीची का असेना, आता माझी आहे.” ती म्हणाली. “म्हणजे देता येते.”

त्याने तिच्याकडे बघितलं. एवढी वर्षं ज्या दगडावर दोघांनी डोकं आपटलं, तो असा बाजूला सरकवता येतो, हे दोघांनाही आत्ता कळत होतं, आणि त्याबद्दल आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी हे कळत नव्हतं.

आधी दोर. तिच्या सोललेल्या तळव्याखाली त्याचा चुन्याने चिरलेला तळवा. एक ओढ. मग दिवा. कापड, वात, तेलाची बारीक धार, दोन म्हाताऱ्या हातांनी मिळून, थोडं बाहेर सांडत.

“हे आता तुझं,” ती म्हणाली आणि हात काढून घेतला. लग्न होऊन त्यांच्या घरात आली तेव्हापासून तिने दिराला अहोजाहो केलं होतं. आज तू म्हणाली. वाक्यच तसं होतं.

तो वाट बघत राहिला. “पुढचं म्हण.”

“नाही म्हणत.”

“वहिनी, पुढचं म्हटल्याशिवाय पुरं होत नाही.”

“नाही होऊ दे पुरं.”

खाली हॉर्न वाजला. ती एकेक दगड धरत उतरू लागली. मागे वळून बघायला मान वळवली, पण तेवढ्यात पाय घसरला, आणि मग पायाखालीच बघावं लागलं.

मुलीचं घर सहाव्या मजल्यावर. मुलगी आणि जावई सकाळी निघून जात. जाताना मुलगी ओट्यावर झाकून ठेवलेलं काय काय आहे ते सांगे, गॅसला हात लावू नकोस म्हणे. दिवसभर घर चकचकीत आणि गप्प. खोलीत शिरलं की दिवा आपोआप लागायचा, बाहेर आलं की आपोआप विझायचा. पहिले काही दिवस ती दारात उभी राहून नुसती आत-बाहेर करत होती. मग तिने त्या खोलीत जाणंच सोडलं.

फादरनी वर कळवलं की कपेलला माणूस आहे. वरून काहीच उत्तर आलं नाही. बिशपच्या कचेरीने विसरून जाणं ही त्या कपेलवर झालेली सगळ्यात मोठी कृपा.

दुपारी फोन वाजायचा. दीर कपेलच्या खिडकीत फोन ठेवायचा आणि घंटा वाजवायचा. तीन. थांबा. तीन. थांबा. तीन. तिला ती खरखरीतून यायची, डबा आपटल्यासारखी.

“आलं ऐकू?”

“आलं. दुसरा थांबा फार लांबला. झोप लागली होती की काय?”

“इतकं लांब जाऊनही तोंड घालतेसच.”

“पुढचं वाक्य म्हटलं होतं का मी?”

“नाही म्हटलंस.”

“मग.”

पलीकडे तो काठी टेकत इकडून तिकडे गेला. “माऊली उभी केली,” तो म्हणाला. “अंगरख्याच्या आत दगड रचले आणि चुना ओतला. चुन्याला वाळवी तोंड लावत नाही. वर तेच डोकं बसवलं. जरा डावीकडे झुकलीय.”

“अंगरखा?”

“धुतला. भोकं पडलीत. मला शिवता येत नाही.”

“मुलीला सांगून निळं कापड आणते. मापं घेऊन सांग.” बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हे शिंपीणबाईंचं काम. ती क्रुसाची खूण करायला गेली आणि अर्ध्यावर हात खाली घेतला. “खांद्यापासून घे. उसवून नको, वरूनच.”

“घेतो.”

मग दोघांकडे बोलायला काही उरलं नाही. कधीच फार नसायचं. एवढ्या वर्षांचं न बोललेलं होतं, पण ते कुठून उचलायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

“दिव्याची काच पुसलीस?” तिने विचारलं.

तिकडे काठी चाचपल्याचा आवाज आला.

“पुसतो आता,” तो म्हणाला, आणि फोन खिडकीतच ठेवून गेला. तो बंद करायला तो नेहमीच विसरायचा. काठीचा आवाज लांब गेला. ती ओट्यापाशी उभी राहिली, फोन कानाशी घट्ट धरून, कापड काचेवर फिरल्याचा आवाज येतो का ते ऐकत. पलीकडे खाणीवरचा वारा होता, आणि बराच वेळ नुसता वाराच होता.